फोडशी न खाल्लेला पावसाळा

परवा उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा बांधला आणि ऊन कलल्यावर सड्यावर गेले. कोळकांदा फुललाय. वैशाखात सड्यावर बघण्यासारखं काही नसतं असं आमच्या पाहुण्यांना वाटतं, आणि त्यांचं फारसं चुकतही नाही. वाडीच्या डोक्यावरचं हे जांभ्याचं पठार तेव्हा तव्यासारखं तापलेलं असतं. गवताचा भुगा झालेला असतो. अशा जागी जमिनीतून एक काडी वर येते. पान नाही, फांदी नाही, आगापिछा काही नाही. हात-दीड हात उंच नुसती काडी आणि तिला मातकट पांढरी, माना खाली घातलेली फुलं. त्यांचा फोटो कोणी काढत नाही. मी मात्र दर वर्षी त्यांच्यापुढे उकिडवी बसते, पिशवीतून एक काळा गुळगुळीत गोटा काढून काडीच्या बुंध्याशी ठेवते आणि पुढच्या काडीकडे जाते.

कोणी पाहिलं तर बाईंना ऊन लागलं म्हणेल. हायस्कुलात विज्ञान शिकवतात म्हणे, आणि फुलांपुढे दगड ठेवत फिरतात. ह्या वेडाची हकिकत सांगायची तर आमच्या वाडीने माझ्यामुळे फोडशी खाल्ली नाही, त्या पावसाळ्यापासून सुरुवात करावी लागेल.

मी मूळची कऱ्हाडची. तिकडे भाजी म्हणजे शेतात पेरलेली, पाटाच्या पाण्यावर वाढलेली आणि बाजारात जुड्या बांधून आलेली. लग्न होऊन इथे आले तेव्हा वैशाख संपत आला होता. रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर, राजापूरच्या वाटेला आमची आठ घरांची वाडी. नवरा मुंबईला नोकरीला, तो लग्नाची रजा संपवून गेला, आणि घरात मी आणि सासूबाई दोघीच उरलो. त्या दिवसभर कामात. मी दिवसभर काम शोधण्यात. जे काम हातात घेईन ते त्यांनी पहाटेच उरकलेलं असायचं. माझ्या ट्रंकेत वनस्पतिशास्त्राची पदवी होती आणि वर ठेवलेलं एक भिंग होतं. त्या घरात दोन्हींचा उपयोग काय हे मला कळत नव्हतं.

मग मी सकाळी सड्यावर फिरायला जाऊ लागले. तिथे मला ते गोटे दिसले. सगळा सडा तांबडा, खरखरीत, आणि मधेच कुठेतरी एक काळाभोर गोटा, हात फिरवत राहावा असा गुळगुळीत. हा दगड सड्यावरचा नव्हे, खालच्या पऱ्यातला, वाहत्या पाण्यात घासून घासून असा झालेला, एवढं माझ्या लक्षात आलं. तो इथे चढून कसा आला हे काही मी स्वतःला विचारलं नाही. कोणा पोराने खेळायला आणला असेल! शेंदूर लावलेला असता तर नमस्कार करून पुढे गेले असते. शेंदूर नव्हता. रोज पाच-सात असे ओच्यात भरून आणले आणि परसात अबोलीच्या वाफ्याभोवती कडं मांडलं. तांबड्या मातीत काळं कडं आणि आत केशरी अबोली. काय शोभा आली होती! सासूबाई तेव्हा आंब्याच्या पेट्या भरायला वरच्या आळीत जात, पहाटे जाऊन काळोख पडता येत. परसात नीट बघायला त्यांना सवड कुठली? मीही त्यांना दाखवलं नाही. एकदा त्यांचं त्यांना दिसेल आणि त्या चकित होतील, असा माझा बेत होता. तो बेत तंतोतंत पार पडला.

आमच्या वाडीची एक रीत आहे. पाऊस लागून दहा-बारा दिवस झाले, की सड्यावर फोडशी येते. गवतासारखी लांब पाती, बुडखा पांढरा. कोवळी असतानाच काढायची, कांद्यावर परतायची, वर थोडा ओला नारळ. चवीला काय असते ते सांगता येत नाही, पण वर्षभर कोरडी कडधान्यं खाऊन कंटाळलेल्या जिभेला ती बरोब्बर कळते. ही पहिली फोडशी वाडीतल्या सगळ्यात नव्या सुनेने काढायची. एकटीने. मग तिने ती आठी घरी नेऊन द्यायची. त्या दिवशी सगळी वाडी तिच्या हातचं खाते, आणि तिथून पुढे ती वाडीची. लग्नात अक्षता पडतात ते नवऱ्यापुरतं. वाडीने सून पदरात घेतली ती फोडशीच्या दिवशी, असं इथल्या बायका मानतात. त्यामुळे मला त्या दिवसाची धाकधूक होती आणि हौसही.

आदल्या संध्याकाळी सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. म्हणाल्या, "सकाळी जातंस ना गो? वर गेलीस काय पयला..."

मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "आई, मला ठाऊक आहे," म्हणाले, आणि व्याख्यान सुरू केलं. फोडशी, कोळकांदा, दीपकाडी ही सगळी लिलीच्या गोतावळ्यातली. फुलावरून कशी ओळखायची, पाकळ्या सहा, पुंकेसर सहा, फोडशीचं फूल चांदणीसारखं उघडं, दीपकाडीचं नळीसारखं, कोळकांद्याचं खाली वाकलेलं. परीक्षेत मला ह्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळाले होते. सासूबाई ऐकत राहिल्या. मधे एकदा त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. शेवटी म्हणाल्या, "बरा तर. तू त्यातलीच शिकलेली. तुला मी काय सांगायचा?"

ह्या वाक्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. आज तेच आठवून जास्त लाज वाटते.

सकाळी सडा ओळखू येईना. दहा दिवसांत तो हिरवा झाला होता, खळग्यांतून पाणी साचलं होतं, बेडूक बोंबलत होते. आणि जिकडेतिकडे पाती. फूल एकाही झाडाला नाही! माझ्या सहा पाकळ्या आणि सहा पुंकेसर तिथे काहीच कामाला येईनात. मी वाकून वाकून बघितलं. ह्या पात्याची कड थोडी लाटदार, ती फोडशी असणार. हे पातं जरा जाड वाटतं, पण कोवळं आहे म्हणून असेल. भिंग लावलं तर त्याच्यावर पाऊस पडला. मग स्वतःशीच म्हणाले, एवढं शिकले ते काय उगाच? आणि भराभर काढत सुटले. दोन टोपल्या भरल्या. डोक्यावर टोपली, अंगाला पाऊस, पायाखाली ओली वाट, आणि आपण आता इथले झालो असं वाटून मी मोठ्याने गाणं म्हणत खाली आले. देवापुढे एक जुडी ठेवली आणि आठी घरी भाजी पोचती केली. प्रत्येक घरी हळदकुंकू झालं. हातावर गूळ पडला.

सासूबाई भाताच्या तरव्यातून आल्या तेव्हा साडेदहा झाले असतील. गुडघ्यापर्यंत चिखल. पाय धुता धुता त्यांनी सहज विचारलं, "धोंडे सोडून काढलीस ना?"

"कुठले धोंडे?"

"कोळकांद्याचे गो. पऱ्यातले. काळे."

 माझी नजर आपोआप परसाकडे गेली, आणि माझ्या नजरेमागोमाग त्यांची. अबोलीभोवतीचं माझं कडं पावसाने धुऊन चकचकत होतं. त्यांनी ते पाहिलं, मग मला पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी धुतलेले पाय पुन्हा चिखलात घातले, डोक्यावर घोंगडीची खोळ घेतली आणि म्हणाल्या, "चल."

वाटेत धावता धावता मला सगळं कळलं. कोळकांदा फुलतो वैशाखात, तेव्हा त्याला पान नसतं. पान येतं पावसात, तेव्हा फूल नसतं. फूल आणि पान एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आणि ते पान फोडशीच्या शेजारी, फोडशीसारखंच दिसतं, आणि पोटात गेलं तर विषारी. म्हणून वैशाखात, तो आपली खूण सांगत उभा असतो तेव्हाच, सासूबाई त्याच्या बुंध्याशी गोटा ठेवतात. पावसात गोट्याच्या आसपास कोणी हात लावत नाही. मी आले तोवर काड्या वाळून पडल्या होत्या, उरले होते नुसते गोटे. वाडीतल्या पोराबाळांनासुद्धा हे सांगावं लागत नाही. मला त्या सांगणारच होत्या. मी त्यांना पाकळ्या मोजून दाखवत होते.

पहिल्या घरी भाजी चिरून झाली होती. दुसऱ्या घरी निवडत होत्या. तिसऱ्या घरी कढईत कांदा लाल झालेला आणि फोडशी वरून पडायच्या बेतात. सासूबाईंनी बाहेरूनच हाक मारली, "टाकू नुको!" आणि तिथली वहिनी उलथनं हातात धरून तशीच थिजली. प्रत्येक दारात मला तेच सांगावं लागलं, की गोटे मी उचलले. सासूबाईंनी एकदाही माझ्या वतीने सांगितलं नाही. त्या नुसत्या बाजूला उभ्या राहत. मी सांगायचे, समोरची बाई तोंडावर हात न्यायची, आणि तासाभरापूर्वी हळदकुंकू लावून घेतलेल्या मला ती भाजी परत टोपलीत घ्यावी लागायची.

शेवटचं घर तात्यांचं. तात्या म्हणजे वाडीतले सर्वांत वयस्क गृहस्थ आणि सर्वांत रिकामेही. ओटीवर बसून सुपारी कातरत होते. मी कसंबसं सांगितलं. तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. गंभीरपणे म्हणाले, "मी खाल्लीय."

 सासूबाई मटकन पायरीवर बसल्या. तोवर आमच्या मागोमाग चार-पाच बायका आल्याच होत्या. कोणी मीठपाणी आणायला धावली, कोणी गाडी कोणाकडे मिळेल ते विचारायला. तात्यांना गादीवर आडवं केलं. त्यांनी डोळे मिटले आणि खोल गेलेल्या आवाजात सांगितलं, "वायच च्या मिळंल काय?" चहा करायला कोणी आत गेलं, आणि आतून हसण्याचा आवाज आला. फोडशी ओट्यावर होती तशीच होती, जुडीसुद्धा सोडलेली नव्हती. काकी, म्हणजे तात्यांची बायको, रेशन आणायला गेली होती, आणि ती आल्याशिवाय त्या घरात कधी काही शिजलं नव्हतं. तात्या उठून बसले. म्हणाले, "आता आडवा केलाच हाय तर च्या तरी द्या." सासूबाईंनी त्यांना जी शिवी दिली, ती मी कऱ्हाडला कधी ऐकली नव्हती. मग त्या हसायला लागल्या. मग सगळ्याच. मी तेवढी रडत होते.

ती सगळी भाजी आम्ही खड्डा करून पुरली. उकिरड्यावर टाकायची नाही, गुरं तोंड घालतील. एक जुडी मात्र मी मागे ठेवून घेतली होती, ती संध्याकाळी दिव्याखाली पसरली, भिंग काढलं, पुस्तक उघडलं. निदान आपल्या हातून खरंच चूक झाली होती का, एवढं तरी कळावं. अर्धा तास मान मोडून बघितलं. काही पाती अशी, काही तशी, आणि बरीचशी दोन्हींसारखी. शेवटी हार मानून विचारलं, "आई, तुम्हीच बघा ना. ह्यात कोळकांदा आहे का?"

त्यांनी पाती हातात घेतली, बोटांतून फिरवली, परत ठेवली. म्हणाल्या, "मला काय ठावं!"

"म्हणजे? तुम्हाला ओळखता येत नाही?"

"पान बघून? कसा येल? चाळीस वर्सं झाली, मलाव फसवतंय ता. म्हनून तर धोंडे." मग पुढे म्हणाल्या, "वळखता येता असा ज्याला वाटता ना गो, तोच खातो आनि मरतो."

मी कॉलेजात पाच वर्षं काढली. आपल्याला काय कळत नाही ते आधी कळलं पाहिजे, आणि ज्या दिवसांत कळतं त्या दिवसांतच खूण करून ठेवली पाहिजे, हे मला तिथे कोणी शिकवलं नव्हतं. की शिकवलं होतं आणि त्या दिवशी माझंच लक्ष नव्हतं, कोण जाणे. कोळकांदे उपटून का टाकत नाही, असंही मी विचारलं. "आनि पायाला भोवरी झाली, कुरूप झाला, तर ह्या कांद्याबिगर काय लावशील? त्याचा त्याला असू दे. आपला आपन बघून खावा."

गोटे उचललेले, जागा कोणालाच नक्की सांगता येईना, त्यामुळे त्या वर्षी कोणीच सड्यावर फोडशी काढायला गेलं नाही. आठी घरांत वाल, चवळी आणि पुन्हा वाल. विहिरीवर गेले की कोणीतरी विचारायचं, "काय मास्तरीनबाय, आज कसली भाजी?" शाळेतली नोकरी पुढची, हे नाव त्याआधीचं. तात्या तर मला लांबून बघितलं की पोटाला हात लावून विव्हळायचे. सगळं चेष्टेचं, मनात कोणाच्या काही नव्हतं. पण मला ते लागायचं. माझ्या हातचं वाडीने खाल्लं नव्हतं, आणि आता ह्यापुढे खातील की नाही, ह्या विचाराने मी अर्ध्या ताटावरून उठत असे. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो पोट धरून हसला. त्याच्यावरचा माझा राग आठवडाभर टिकला. सासूबाईंनी अबोलीभोवतीचं कडं मोडलं नाही. मी मोडायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. आता उचलून काय उपेग? वैशाखात बघू."

आणि मग आषाढात एका सकाळी तात्याच धापा टाकत खाली आले. चेष्टा वगैरे विसरून म्हणाले, "चला गो सगळ्या. वर चला."

आम्ही गेलो. सडा पांढरा झाला होता. न काढलेली फोडशी सगळीच्या सगळी फुलली होती. वीत-दीड वीत उंच तुरे, प्रत्येकावर सहा पाकळ्यांच्या पांढऱ्या चांदण्या, मधे पिवळे पुंकेसर, आणि धुकं वर सरकेल तसा तो पांढरा रंग कड्यापर्यंत लांबच लांब उलगडत चाललेला. मधे मधे दीपकाडीच्या नळ्या. वाडीतल्या बायका तिथे नुसत्या उभ्या राहिल्या. ज्यांचा जन्म त्या सड्याखाली गेला, त्यांनी हे कधी पाहिलं नव्हतं. दर वर्षी थोडीफार फुलं दिसत, पण बाकीची फुलायच्या आधीच पोटात गेलेली असायची. तात्या म्हणाले, "आयला, इतकी वर्सं आपन ह्या चिरून खात होतो!" एकीने हळूच एक तुरा तोडून माझ्या अंबाड्यात खोवला. त्या दिवशी मी त्यांना फुलं ओळखायला शिकवली. ही फोडशी, ही दीपकाडी, हे असं, ते तसं. सगळ्याजणी ओणव्या होऊन बघत होत्या. माझी पदवी पहिल्यांदाच त्या वाडीत कोणाच्या कामी आली, आणि मी इतकी बोलले, इतकी बोलले, की सासूबाईंना शेवटी सांगावं लागलं, "पुरे गो, भात लावायचा हाय."

तेव्हापासून सड्याचा कड्याकडचा एक तुकडा आम्ही काढत नाही. तो फुलण्यासाठी. तसं कोणी ठरवलं नाही, पण पुढच्या वर्षी तिकडे कोणी गेलंच नाही.

पुढच्या वैशाखात मी अबोलीचं कडं मोडलं, गोटे पिशवीत भरले आणि एकेका काडीपाशी परत नेऊन ठेवले. दोन दिवसांनी सासूबाई "गुरा बघून येते" म्हणून वर गेल्या. आमची गुरं तेव्हा गोठ्यातच होती. मी मागाहून जाऊन बघितलं, तर माझ्या गोट्यांव्यतिरिक्त तीन नवे दिसले. माझे गोल होते, त्यांचे चपटे. तीन कोळकांदे माझ्या नजरेतून सुटले होते.  त्या पावसाळ्यात वाडीत दुसरी नवी सून आली नव्हती, म्हणून फोडशी पुन्हा माझ्याकडेच आली. आठी घरी दिली. खातील की नाही ह्या धास्तीने मी दुपारी तात्यांच्या घरावरून दोनदा उगाच गेले. दुसऱ्या खेपेस तात्यांनी ओटीवरून रिकामी ताटली उंच करून दाखवली आणि विव्हळले. घरी येऊन मी पोटभर जेवले.

आता वाडीत माझ्यामागून आलेल्या सुना सहा. पहिली फोडशी त्या त्या वर्षीची नवी सून काढते, पण गोटे ठेवायचं काम माझ्याकडे राहिलंय. आणि माझ्यामागून गुरं बघायला जायचं काम सासूबाईंकडे. गुरं विकून किती वर्षं झाली, तरी त्या दर वैशाखात "गुरा बघून येते" म्हणत वर जायच्याच. दुसऱ्या वर्षी एक चपटा गोटा सापडला. चौथ्या वर्षी एक. त्यानंतर मला कधी सापडला नाही, पण त्यांचं जाणं चुकलं नाही, आणि मलाही ते हवंच असायचं. आठ घरांच्या पोटाला जाणारी वस्तू. माझ्यानंतर कोणीतरी एकदा बघतंय म्हटल्यावर मी निर्धास्त असे.

यंदा त्यांचा गुडघा धरलाय. ओटीवरून न्हाणीपर्यंत जायचं तर भिंत लागते. परवा मी पिशवी रिकामी करून खाली आले, तेव्हा त्या पाय लांब करून काजूच्या बिया सोलत बसल्या होत्या, बोटांना राख फासून. वाडीतली यंदाची नवी सून नागपूरची आहे. ती शेजारी बसून काजूगर वेचत होती, आणि कुठल्या तरी ॲपवर फोटो काढला की फुलाचं नाव कसं लगेच कळतं ते सासूबाईंना सांगत होती. सासूबाई ऐकत होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी डोळा मिचकावला.

मी पायरीवर बसले. मला उगीचच अस्वस्थ वाटत होतं. म्हटलं, "आई, या वर्षी तुम्हाला वर जाता यायचं नाही. मग बघून कोण येणार?"

त्यांनी हातातली बी सोलून पुरी केली. मग जराशा वैतागानेच म्हणाल्या, "बघायचा काय हाय त्यात? तू गेली होतीस ना? फोडशी कधी मिळंल ता सांग."